शंकरराव चव्हाण : धरण, कायदा आणि सहा डिसेंबर



या मासिकाच्या पानांवर आपण सहाबा-ए-किराम (रजि.), मुहद्दिस, फकीह आणि बुजुर्गाने-दीन यांची चरित्रे वाचत आला आहात. आज ज्यांचे चरित्र आपल्यासमोर ठेवीत आहे, ते यांपैकी कोणी नव्हेत. ते मुसलमानही नव्हते. नांदेडचे शंकरराव भावराव चव्हाण दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ आणि दोन वेळा गृह एवढी खाती त्यांनी सांभाळली. इस्लामी शिकवणुकीच्या मासिकात अशा माणसाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

कारण असे की, आपल्या भागातील मुस्लिम घरांत या माणसाविषयी दोन निकाल फार पूर्वीच लागून गेले आहेत. ज्यांच्या शेताला कालव्याचे पाणी मिळाले, त्यांच्या घरी शंकररावांचे नाव आदराने निघते. ज्यांच्या मनात ६ डिसेंबर १९९२ चा दिवस अजून ताजा आहे, त्यांच्या घरी ते बाबरी मशिदीच्या शहादतीच्या वेळचे गृहमंत्री, एवढेच उरले आहेत. कधी कधी हे दोन्ही निकाल एकाच घरात, आजोबा आणि नातू यांच्यामध्ये, समोरासमोर उभे राहतात. पवित्र कुरआनाने सूरह निसामध्ये आपल्याला आज्ञा दिली आहे की, साक्ष द्यावयाची तर ती न्यायासाठी उभे राहून द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध वा आप्तांविरुद्ध का जाईना. आणि सूरह माइदामध्ये बजावले आहे की, एखाद्या समूहाविषयीचा रोष आपल्याला न्यायापासून ढळवू नये. साक्षीदाराने अर्धे सांगून थांबणे हीसुद्धा साक्ष लपविण्याचीच एक रीत आहे. म्हणून शंकररावांचे आयुष्य, जेवढे सार्वजनिक नोंदींतून ठाऊक आहे तेवढे, दोन्ही बाजूंनी वाचून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठण येथे झाला. तेव्हा पैठण, औरंगाबाद, नांदेड, लातूर हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पदवीपर्यंतचे शिक्षण संपवून त्यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. उस्मानियाचे स्थान आपण लक्षात घ्यावे. उच्च शिक्षण उर्दूतून देणारे ते विद्यापीठ होते. त्या काळी मराठवाड्यातील हिंदू वकीलसुद्धा कायदा उर्दूत शिकत, दरखास्ती उर्दूत लिहीत, आणि वकिली, मुन्सफ, पेशकार हे शब्द त्यांच्या तोंडी सहज असत. आज उर्दू ही केवळ आपल्या मदरशांची भाषा मानली जाते, ही समजूत किती अलीकडची आहे, हे त्या पिढीकडे पाहिले म्हणजे कळते.

तरुण शंकररावांवर स्वामी रामानंद तीर्थ यांचा प्रभाव पडला आणि ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. हातातली वकिली त्यांनी त्यासाठी सोडली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. हा दिवस आता मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, ध्वजवंदन होते, शाळांतून भाषणे होतात.

वाचकहो, याच ठिकाणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी निराळ्या वाटेने जातात. रझाकारांनी संस्थानातील जनतेवर जे अत्याचार केले त्यांचे समर्थन कोणताही ईमानवाला करू शकणार नाही. त्या संघटनेचा पुढारी कासिम रझवी लातूरचाच वकील होता, ही गोष्टही आपण लपवू नये. परंतु पोलीस कारवाईनंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवर जे गुदरले, तेही इतिहासच आहे. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने फिरून पाहणी केली आणि किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज दिला. सर्वाधिक हानी झालेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तो अहवाल कित्येक दशके दप्तरांत बंद राहिला. या हत्याकांडाशी शंकररावांचे नाव कोठेही जोडलेले नाही. पण ज्या मुक्तिसंग्रामातून त्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झाले त्याच्या गोड आठवणी एका मोहल्ल्यात आणि कडू आठवणी दुसऱ्या मोहल्ल्यात राहिल्या, आणि पुढची पन्नास वर्षे त्यांना दोन्ही मोहल्ल्यांकडून मते मागावी लागली. त्यांचे राजकारण समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

नांदेडला स्थायिक होऊन ते नगरपालिकेच्या कारभारात आले, नगराध्यक्ष झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज ही खाती आली. येथून पुढची जवळजवळ बारा वर्षे म्हणजे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ होय.

मराठवाड्याची गोष्ट अशी आहे की नदी आहे, पाणी नाही. गोदावरी नाशिक-नगरकडून येते, पैठणहून वळते, नांदेडच्या घाटांना लागून तेलंगणात निघून जाते, आणि तिच्या दोन्ही तीरांवरची जमीन पावसाकडे डोळे लावून बसते. निजामाच्या काळी या भागात मोठे पाटबंधारे फारसे झाले नव्हते. पाण्याची आठवण काढावी तर औरंगाबादेत मलिक अंबरने बांधलेल्या नहर-ए-अंबरीची किंवा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीची काढावी लागे, आणि ती पाणी शहराला देणारी होती, शिवाराला देणारी नव्हे. गोदावरीवर मोठे धरण व्हावे ही मागणी जुनी होती. प्रारंभी बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची जागा सुचविली गेली, पुढे ती बदलून नदीच्या वरच्या अंगाला पैठणजवळ आणली गेली, पण प्रकल्पाचे नाव जायकवाडी तेच राहिले. शंकररावांनी हा प्रकल्प चिकाटीने पुढे रेटला. वरच्या खोऱ्यातील पुढाऱ्यांचा विरोध होता, पैशाची ओढाताण होती, बुडीत गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न होता.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा शंकरराव पाटबंधारेमंत्री होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. आपल्या जन्मगावाच्या उशाशी एवढे काम उभे राहिलेले पाहणे थोड्यांच्याच नशिबी येते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, शंभर अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठविणारा नाथसागर. डावा कालवा २०८ किलोमीटर जालना-परभणीकडे आणि उजवा १३२ किलोमीटर बीडकडे. याखेरीज पूर्णा नदीवरील येलदरी-सिद्धेश्वर, मन्याड नदीवरील प्रकल्प, ऊर्ध्व पैनगंगा, आणि नांदेड शहराजवळ गोदावरीचे पाणी उपसून उंचावरच्या शेतांना देणारी विष्णुपुरी योजना ही कामे त्यांच्या काळात वा त्यांच्या पाठपुराव्याने झाली. विष्णुपुरीच्या जलाशयाला आज शंकरसागर म्हणतात. नांदेडच्या मोहल्ल्यांतील नळांना येणारे पाणी तेथूनच येते. मशिदीच्या हौजात वुजू करताना हे कितीजणांच्या ध्यानात असते, हे सांगता येत नाही.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही घटना आपण मुलांना आवडीने सांगतो. पाणी पाजणे हे आपल्या दीनमध्ये श्रेष्ठ सदक्यांपैकी एक आहे. शंकररावांनी स्वतःच्या पैशाने काही केले नाही, ते राज्याच्या तिजोरीतून केले. शासकाच्या कामाची जात वेगळी असते. शासकाकडे तिजोरी ही अमानत असते आणि ती कोठे खर्च झाली यावरून त्याची पारख होते. या पारखेला ते बऱ्याच अंशी उतरतात. बऱ्याच अंशी म्हणतो, कारण धरणात गेलेल्या गावांतील माणसांना जमीन आणि घर मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. आणि कालव्याच्या पहिल्या मैलांवर उसाचे मळे फुलले, शेवटच्या टोकाला मात्र पाणी पोचेना. मांजरा खोऱ्यातले लातूर तर या कालव्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, तो प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी हंडे घेऊन रांगेत उभे राहून अनुभवला आहे. ही जबाबदारी एकट्या त्यांची नव्हे. त्यांच्या नंतर आलेल्यांनी काय केले, हा हिशोब निराळा आहे आणि तो लांबेल.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही पाटबंधारे आणि वीज खाते त्यांच्याकडेच होते, आणि त्या संकटातून धरण व वीजकेंद्र सावरण्याचे काम त्यांच्या खात्याला करावे लागले.

२१ फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतराव नाईकांच्या जागी ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या शिस्तीमुळे लोक त्यांना हेडमास्तर म्हणू लागले. कामाची वेळ पाळणे, फाईल स्वतः वाचणे, ओळखीपाळखीच्या कामाला नकार देणे, कमी बोलणे, हा त्यांचा लौकिक होता, आणि विरोधकांनीही त्यांच्या वैयक्तिक सचोटीवर सहसा बोट ठेवले नाही. मुंबईतील राज्याच्या मुख्य कचेरीचे सचिवालय हे नाव बदलून मंत्रालय झाले ते याच काळात: कारभार सचिवांचा नव्हे, लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांचा आहे, असा त्याचा अर्थ.

पण चारच महिन्यांनी देशात आणीबाणी लागू झाली, आणि शिस्तप्रिय माणसाच्या हाती अनिर्बंध सत्ता आली की काय होते, त्याचा नमुना महाराष्ट्राने पाहिला. १९७६ मध्ये त्यांच्या सरकारने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतले. असे विधेयक मंजूर करणारे महाराष्ट्र हे देशातील एकमेव राज्य ठरले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरले नाही. तरीही नसबंदीच्या शिबिरांची आणि कोटा पूर्ण करण्याच्या धावपळीची दहशत गरीब वस्त्यांत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही, पुष्कळ दिवस होती. माणसाच्या घरात, त्याच्या देहात राज्याने सक्तीने शिरावे, हे आपल्या शरीअतला मान्य नाही, आणि भारतीय मतदारालाही मान्य झाले नाही. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या. मे महिन्यात शंकररावांना पायउतार व्हावे लागले आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले.

पुढची दोन-तीन वर्षे झपाट्याने सांगण्यासारखी आहेत. काँग्रेस फुटली, त्यांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस नावाचा वेगळा पक्ष काढला, शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री झाले, आणि मग इंदिरा गांधींच्या पक्षात परतून १९८० मध्ये नांदेडहून लोकसभेवर गेले. तेथून त्यांचे दिल्लीतील आयुष्य सुरू होते: प्रथम शिक्षणमंत्री, नंतर नियोजनमंत्री व योजना आयोगाचे उपाध्यक्ष, १९८४ च्या उत्तरार्धात संरक्षणमंत्री.

याच पदावर ते असताना ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. गृहमंत्री पी. व्ही. नरसिंह राव होते. लष्कर रस्त्यावर येण्यास उशीर झाला, ही तक्रार शीख बांधव आजही करतात. ज्या नांदेडात तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे, गुरू गोविंदसिंगांच्या शेवटच्या दिवसांची जी भूमी आहे, तेथील माणूस तेव्हा संरक्षणमंत्री होता. आठ वर्षांनी हीच दोन नावे पुन्हा एकत्र येणार होती: राव पंतप्रधान आणि चव्हाण गृहमंत्री.

१९८४ च्या अखेरीस राजीव गांधींनी त्यांना गृहमंत्री केले. पंजाब करार आणि आसाम करार याच काळातले. मे १९८५ मध्ये दहशतवादविरोधी कायदा म्हणून टाडा आला, तोही याच काळात. पंजाबातील परिस्थितीसाठी आणलेल्या या कायद्याने पोलिसांना इतके अधिकार दिले की आरोपीला जामीन मिळणे दुरापास्त झाले. पुढे तो सुधारून वाढविला गेला आणि १९९३ नंतर आपल्या समाजातील किती तरुण त्याखाली तुरुंगात गेले, हे वाचकांना सांगावे लागू नये.

आणि १ फेब्रुवारी १९८६. फैजाबादच्या जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले, अवघ्या तासाभरात, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर. उत्तर प्रदेशात काँग्रेसचे सरकार होते, केंद्रात काँग्रेसचे सरकार होते, आणि केंद्रीय गृहमंत्री शंकरराव चव्हाण होते. सहा डिसेंबरविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. कुलूप उघडले त्या दिवशी गृह खाते कोणाकडे होते, हे फारसे कोणाला आठवत नाही.

त्यानंतर सहाच आठवड्यांत त्यांना महाराष्ट्रात परत पाठविण्यात आले. लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना परीक्षेतील गुणांच्या प्रकरणावरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते; मराठवाड्याच्या एका मुख्यमंत्र्याकडून दुसऱ्याकडे सूत्रे गेली. या खेपेस त्यांनी राज्याच्या अर्थसंकल्पासाठी शून्याधारित पद्धत आणली: मागच्या वर्षी दिले म्हणून यंदा द्यायचे नाही, प्रत्येक खर्चाचे कारण नव्याने सांगायचे. खात्यांना ती जाचली आणि फार टिकली नाही. हिशोबाची ही आवड घेऊन ते जून १९८८ मध्ये केंद्रात अर्थमंत्री झाले आणि डिसेंबर १९८९ मध्ये सरकार गेले तोवर त्या पदावर राहिले.

आता आपण ज्या भागासाठी हा लेख लिहिला त्याकडे येऊ. जून १९९१ मध्ये नरसिंह रावांचे सरकार आले आणि शंकरराव दुसऱ्यांदा गृहमंत्री झाले. लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर झाले. आदल्या वर्षीच्या रथयात्रेने देश ढवळून निघाला होता आणि अयोध्येनंतर काशी, मथुरा अशा घोषणा उघडपणे दिल्या जात होत्या. अशा वेळी २३ ऑगस्ट १९९१ रोजी गृहमंत्री चव्हाण यांनी लोकसभेत उपासनास्थळांविषयीचे विधेयक मांडले. भारतीय जनता पक्षाने त्याला कडाडून विरोध केला. सप्टेंबरात ते दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाले.

हा कायदा आहे अगदी छोटा, पण त्याचे आशय आपण नीट समजून घ्यावेत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे उपासनास्थळ ज्या धर्माचे होते, त्याचे ते स्वरूप तसेच राहील. मशिदीचे मंदिर, मंदिराची मशीद, गुरुद्वाऱ्याचे आणखी काही, असे रूपांतर कोणालाही करता येणार नाही. करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल. अशा रूपांतरासंबंधी न्यायालयांत चालू असलेले दावे संपुष्टात येतील आणि नवे दाखल होणार नाहीत. पुरातत्त्वाच्या संरक्षित वास्तू यातून वगळल्या गेल्या. आणखी एक गोष्ट नाव घेऊन वगळली गेली: अयोध्येची बाबरी मशीद. तो वाद न्यायालयात आहे, तेथेच सुटू द्यावा, अशी सरकारची भूमिका होती.

म्हणजे एका मशिदीला बाहेर ठेवून देशातील बाकी सर्व मशिदींभोवती भिंत बांधली गेली. काही उलमांना आणि कायदेपंडितांना तेव्हाही वाटले की हा सौदा आहे. एक दिली आणि बाकीच्या राखल्या. माझे मत असे की, तो सौदा असो वा नसो, त्या भिंतीचे मोल पुढच्या काळात कळले. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा धर्मनिरपेक्षतेशी असलेला संबंध विस्ताराने सांगितला. ज्ञानवापी, मथुरेची ईदगाह, संभल या सर्व प्रकरणांत आपले वकील ज्या कलमांचा आधार घेतात, ती नांदेडच्या या माणसाने सभागृहात मांडलेली आहेत. साक्षीचा हा भाग आपल्या घरांत सांगितला जात नाही, म्हणून तो येथे मुद्दाम लिहिला.

साक्षीचा दुसरा भाग पंधरा महिन्यांनंतरचा. १९९२ च्या हिवाळ्यात कारसेवेची घोषणा झाली. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री कल्याणसिंह यांनी मशिदीच्या रक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयात लेखी दिली. केंद्राने निमलष्करी दलाच्या तुकड्या मोठ्या संख्येने फैजाबादेत आणून ठेवल्या. गृह मंत्रालयात एक आपत्कालीन योजना तयार होती. तत्कालीन गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात तिची हकीकत दिली आहे. राष्ट्रपती राजवट लावून मशिदीचा ताबा केंद्रीय दलांनी आधीच घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. पंतप्रधानांनी ती अमलात आणली नाही. राज्य सरकारच्या हमीवर विश्वास ठेवला गेला. ६ डिसेंबरला दुपारपूर्वी हल्ला सुरू झाला, संध्याकाळपर्यंत साडेचारशे वर्षांची मशीद जमीनदोस्त झाली, आणि थोड्याच अंतरावरील केंद्रीय दले छावणीतच राहिली. राष्ट्रपती राजवट त्या रात्री लागली. तोवर सांभाळायला काही उरले नव्हते.

शेवटचा निर्णय पंतप्रधानांचा होता, हे खरे. घटनेप्रमाणे कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय आहे, हेही खरे. पण ज्याच्या हाती देशाचे पोलीस आणि गुप्तवार्ता असतात तो गृहमंत्री, आपली योजना बाजूला ठेवली गेली आणि परिणाम डोळ्यांसमोर घडला, तरी खुर्चीवर राहतो, तेव्हा त्याच्या वाट्याची जबाबदारी त्याला चिकटतेच. शंकररावांनी राजीनामा दिला नाही. मे १९९६ पर्यंत ते गृहमंत्री राहिले. हजरत उमर (रजि.) आपल्या राज्याच्या दूरच्या टोकाला झालेल्या हानीचीही जबाबदारी स्वतःवर मानत, हे आपण खुतब्यांतून ऐकतो. तो मापदंड प्रत्येक शासकाला लावला तर कोण टिकेल, असे कोणी म्हणेल. पण दुसरा मापदंड आपल्याला शिकविलेला नाही.

१० डिसेंबरला सरकारने पाच संघटनांवर बंदी घातली: राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, विश्व हिंदू परिषद, बजरंग दल, आणि त्यांच्या जोडीला जमाअते इस्लामी हिंद व इस्लामिक सेवक संघ. मशीद पाडणाऱ्यांसोबत, तराजू समतोल दिसावा म्हणून, मशिदीशी काहीही न केलेल्या जमाअतला बसविणे हा अन्यायच होता. डिसेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमाअतवरील बंदी रद्द केली. वजन करणाऱ्याने पारड्यात दुसऱ्याचा दगड टाकू नये, हा धडा सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार सुमारे ९०० माणसे गेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांत २५७ निरपराध माणसे मारली गेली, आणि त्या पापाचे करणारे कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्यासाठी आपल्याकडे सबब नाही. परंतु त्यानंतर टाडाचे जाळे गुन्हेगारांबरोबर अनेक बेगुनाहांवरही पडले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हा कायदा चालू ठेवू नये असे सांगितले, देशभर आवाज उठला, आणि मे १९९५ मध्ये त्याची मुदत वाढविली गेली नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या गृहमंत्र्याच्या कारकिर्दीत टाडा जन्मला, त्याच्याच दुसऱ्या कारकिर्दीत तो संपला. अर्थात संपवावा अशी त्यांची फारशी इच्छा होती असे दिसत नाही. त्यांच्याच मंत्रालयाने पर्यायी विधेयक संसदेत आणले होते, ते मंजूर झाले नाही. आत अडकलेल्यांचे खटलेही कायद्याबरोबर संपले नाहीत, ते पुढे वर्षानुवर्षे चालत राहिले.

१९९६ नंतर ते मंत्रिपदावर नव्हते. पाण्याचे प्रश्न, मराठवाड्याचा अनुशेष, वरच्या धरणांतून जायकवाडीत सोडावयाचे पाणी या गोष्टी त्यांच्या बोलण्यातून गेल्या नाहीत. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. वय ८३ होते. पुढे त्यांचे पुत्र अशोकराव मुख्यमंत्री झाले. पिता आणि पुत्र दोघेही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होण्याचे ते पहिले उदाहरण.

नांदेडला शंकरसागरावर संध्याकाळी फिरायला जाणारी आपली मुले असतील, तर त्यांना जलाशयाच्या नावाचा माणूस कोण होता, ते विचारून पाहावे. त्यांना उत्तर ठाऊक नसेल तर १९६५, १९७६, १९८६, १९९१ आणि १९९२ ही पाचही वर्षे एकत्र सांगावीत. त्यांतले एकही गाळू नये.

उपासनास्थळांच्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आहेत. १२ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, पुढील सुनावणीपर्यंत देशातील कोणत्याही न्यायालयाने अशा जागांविषयी नवे दावे नोंदवून घेऊ नयेत, आणि चालू दाव्यांत सर्वेक्षणाचे वा अन्य परिणामकारक आदेश देऊ नयेत.